एका खेळाच्या चार पंगती

१९८१ च्या सप्टेंबरातला शेवटचा शनिवार. लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानात युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया आणि ओक्लाहोमा या दोन विद्यापीठांचे फुटबॉल संघ भिडले. त्या आठवड्याच्या क्रमवारीत यजमान देशात पहिले होते, पाहुणे दुसरे. सामना शेवटच्या काही सेकंदांत फिरला आणि कॅलिफोर्नियावाल्यांनी तो २८-२४ असा जिंकला. दोनशेहून अधिक टीव्ही केंद्रांनी तो दाखवला. त्याच शनिवार-रविवारी आणखी एक सामना टीव्हीवर होता : साउथ कॅरोलिनातले लष्करी शिस्तीचे कॉलेज सिटाडेल विरुद्ध नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातल्या बून गावचे अ‍ॅपलाचियन स्टेट. हा सामना चार केंद्रांवर दिसला. पैसे वाटायची वेळ आली तेव्हा चारही कॉलेजांच्या हातावर सारखीच रक्कम पडली.

हा तपशील माझ्या पदरचा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात तो नोंदलेला आहे. त्या निकालाकडे आपण येऊच. पण ही सारखी रक्कम ओक्लाहोमाला किती झोंबली असेल आणि बूनसारख्या गावाला तिचा केवढा आधार वाटला असेल, हे आधी मनाशी धरावे. अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल आज वेगवेगळ्या पंगतींत का जेवतो, याचे उत्तर बरेचसे त्या रकमेत आहे.

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की गोल चेंडू आणि पायांचा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकी फुटबॉल लांबट चेंडूचा, हाताने फेकायचा आणि अंगाने अडवायचा. तो जन्मला कॉलेजांत. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक गावी रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांची प्रत्येकी पंचवीस मुले मैदानात उतरली आणि रटगर्सने ६-४ अशी बाजी मारली. तो पहिला सामना मानतात. व्यावसायिक संघ पुढे कित्येक वर्षांनी आले. त्यामुळे त्या देशात गावोगावच्या लोकांची निष्ठा आधी कॉलेजच्या संघावर जडली आणि ती आजही सुटलेली नाही.

आज या खेळाचे साडेसहाशेहून अधिक कॉलेज संघ नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, या एका संघटनेखाली खेळतात आणि ते चार थरांत विभागलेले आहेत. सर्वांत वर डिव्हिजन एकचा एफबीएस हा भाग. त्याखाली डिव्हिजन एकचाच दुसरा भाग, एफसीएस. मग डिव्हिजन दोन, मग डिव्हिजन तीन. युरोपातल्या फुटबॉल लीगची सवय असलेल्या वाचकाला वाटेल की खालचा संघ जिंकत गेला की वर चढत असेल आणि हरणारा खाली घसरत असेल. इथे तसे काहीच नाही. डिव्हिजन तीनमधले एखादे कॉलेज दहा वर्षे ओळीने अजिंक्य राहिले, तरी तेवढ्यावर ते डिव्हिजन दोनमध्ये जाणार नाही. कोण कुठे बसणार हे खेळाने ठरत नाही. मग कशाने ठरते, हे कळायला ही संघटना जन्मली तिथपर्यंत मागे जावे लागते.

ती जन्मली मृत्यूंमुळे. १९०५ च्या हंगामात मैदानावर मेलेल्या खेळाडूंची वर्तमानपत्रांनी केलेली मोजणी अठराच्या घरात गेली. त्यात शाळकरी मुलेही होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून बजावले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस युनियन कॉलेजचा हॅरल्ड मूर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीविरुद्ध खेळताना डोक्याला मार लागून गेला, तेव्हा त्या युनिव्हर्सिटीचे प्रमुख हेन्री मॅक्रॅकन यांनी कॉलेजांची बैठक बोलावली. २८ डिसेंबरला बासष्ट कॉलेजांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले. पुढच्या वर्षी संघटना रीतसर उभी राहिली आणि १९१० मध्ये तिला आजचे नाव मिळाले. चेंडू पुढे फेकायची मुभा १९०६ मध्ये आली ती याच धक्क्यातून. माणसांची एकमेकांवर आदळणारी गर्दी थोडी पांगावी हा तिचा हेतू.

या संघटनेचा एक नियम पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे : एक कॉलेज, एक मत. चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या सरकारी विद्यापीठाचे एक आणि आठशे मुलांच्या मिशनरी कॉलेजचेही एकच. जीव वाचवायचा होता तोवर या नियमाचा कुणाला त्रास नव्हता. पैसा आला आणि त्रास सुरू झाला.

पैसा आधी तिकिटांतून आला. १९२० च्या दशकात विद्यापीठांनी प्रचंड स्टेडियम बांधली, कर्जे काढली, आणि कर्ज फेडायला जिंकणारा संघ हवा, जिंकणारा संघ हवा तर खेळाडू ओढून आणायला हवेत, असे चक्र सुरू झाले. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालाने या ओढाताणीचा पंचनामा केला. फारसे काही बदलले नाही. बदलले ते एका ठिकाणी, आणि तिथे थोडे थांबायला हवे.

ते ठिकाण म्हणजे शिकागो विद्यापीठ. आजच्या बिग टेन या बलाढ्य कॉन्फरन्सच्या संस्थापकांपैकी ते एक. कॉन्फरन्स म्हणजे आपसांत दरवर्षी खेळणाऱ्या कॉलेजांची मंडळी, गोतावळाच म्हणा. एमॉस अलोन्झो स्टॅग यांनी तिथे १८९२ पासून चाळीस वर्षे संघ घडवला. कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून दिली जाणारी हाइजमन ट्रॉफी १९३५ मध्ये पहिल्यांदा दिली गेली, ती शिकागोच्या जे बेरवँगरला. आणि चारच वर्षांनी, १९३९ मध्ये, विद्यापीठाचे तरुण अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांनी फुटबॉल बंद करून टाकला. त्या मोसमात मिशिगनने शिकागोला ८५-० असे धुतले होते, हे खरे. पण मी हा निर्णय पराभवाच्या खाती टाकणार नाही. हचिन्स यांचे म्हणणे सरळ होते : विद्यापीठ ज्ञानासाठी आहे, आणि या दर्जाचा संघ पोसायचा तर विद्यापीठाने वेगळेच काहीतरी व्हायला हवे. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, शिकागोच्या स्टॅग फील्ड या फुटबॉल मैदानाच्या रिकाम्या प्रेक्षकसज्जाखाली एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली.

शिकागोने १९४६ मध्ये बिग टेन सोडली. तिथे फुटबॉल परत आला तो १९६९ मध्ये, आणि आज तो संघ डिव्हिजन तीनमध्ये खेळतो. या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मुलगा आधी विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतो आणि मग आवड म्हणून खेळतो. डिव्हिजन तीनच्या अंतिम सामन्याचे नाव स्टॅग बाऊल आहे. एके काळी देशाच्या शिखरावर असलेल्या प्रशिक्षकाचे नाव शिष्यवृत्ती न देणाऱ्यांच्या चषकाला मिळाले, यात मला काही विसंगत वाटत नाही. उलट ते नाव योग्य जागी आहे असेच वाटते.

बाकीच्यांनी शिकागोचा रस्ता धरला नाही. १९५६ मध्ये एनसीएएने खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला उघड मान्यता दिली आणि त्याच सुमाराला सदस्यांची पहिली ढोबळ वाटणी झाली : मोठ्यांची युनिव्हर्सिटी डिव्हिजन आणि छोट्यांची कॉलेज डिव्हिजन. पण नियम करताना सगळे एकाच सभागृहात बसत आणि एकेकच मत देत. टीव्हीचा करारही संघटनेच्याच हाती होता. घरबसल्या सामना दिसला तर मैदानाकडे कोण फिरकणार, या भीतीने १९५१ मध्ये प्रक्षेपणावर बंधने घातली गेली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने बंड करून पाहिले आणि मुकाट्याने माघार घेतली. वॉल्टर बायर्स त्या वर्षी संघटनेचे कार्यकारी संचालक झाले, ते १९८७ पर्यंत. या साऱ्या व्यवस्थेवर त्यांची पकड एखाद्या कर्त्या कुटुंबप्रमुखासारखी होती.

एकत्र कुटुंब मोडते तेव्हा भांडण बहुधा ताटातल्या वाढीवरून सुरू होते. इथे तेच झाले. शिष्यवृत्त्या किती द्याव्यात, प्रशिक्षक किती ठेवावेत, प्रत्येक प्रश्नावर छोटी कॉलेजे खर्च आवरा म्हणत आणि मोठी म्हणत, आमच्या खर्चाची उठाठेव तुम्हाला कशाला? आणि मते छोट्यांची जास्त होती. शेवटी ऑगस्ट १९७३ मध्ये शिकागोत खास अधिवेशन भरले आणि वाटणी मंजूर झाली. डिव्हिजन एक, दोन आणि तीन. शिष्यवृत्ती भरपूर देणारे एकमध्ये, मर्यादित देणारे दोनमध्ये, न देणारे तीनमध्ये. आणि कुठे बसायचे हे ज्याने त्याने आपला खिसा आणि आपली इच्छा पाहून ठरवायचे.

मला ही १९७३ ची वाटणी मनापासून प्रामाणिक वाटते. तिने कुणाला हीन ठरवले नाही. तुम्ही खेळावर किती खर्च करू इच्छिता, एवढेच तिने विचारले. त्याच हिवाळ्यात डिव्हिजन दोनचे पहिले अजिंक्यपद लुइझियाना टेकने आणि डिव्हिजन तीनचे ओहायोतल्या विटेनबर्गने जिंकले. त्या छोट्या गावांना आपापला राष्ट्रीय विजेता मिळाला, आणि तो मैदानावर ठरलेला.

गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की सर्वांत वरच्या थराला मात्र असा विजेता मिळाला नाही. तिथे मोसम संपल्यावर बाऊल नावाचे स्वतंत्र सामने होत. रोझ बाऊल १९०२ पासूनचा. ते भरवणाऱ्या शहरांचे आणि कॉलेजांचे हितसंबंध इतके घट्ट होते की एनसीएएचे अजिंक्यपद त्या थराने कधी स्वीकारलेच नाही. देशातला पहिला संघ कोणता, हे पत्रकार आणि प्रशिक्षक मत देऊन ठरवत. पुढे २०१४ पासून तिथे चार संघांची बाद फेरी आली, २०२४ पासून बारांची. पण तीही कॉन्फरन्सांनी चालवलेली आहे, एनसीएएची नव्हे.

आता टीव्हीच्या पैशाकडे येऊ. लाँग बीच इथल्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष स्टीफन हॉर्न यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर सूचना मांडली की टीव्हीचे पैसे सर्व डिव्हिजनांत वाटावेत. लोकांनी तिला रॉबिनहुड योजना म्हटले. ती फेटाळली गेली, पण मोठ्या विद्यापीठांच्या पोटात गोळा आला. आज नाही तर उद्या ही सूचना मताला येईल आणि मते तर छोट्यांची जास्त. त्या धास्तीतून कॉलेज फुटबॉल असोसिएशन नावाची वेगळी चूल मांडली गेली. बिग टेन आणि पॅसिफिक किनाऱ्यावरची पॅक टेन या दोन कॉन्फरन्स सोडून बहुतेक बडी विद्यापीठे तिच्यात होती. त्यांची मागणी एकच : डिव्हिजन एकमध्येही फार गर्दी झाली आहे, आम्हाला वेगळे बसू द्या.

जानेवारी १९७८ च्या अधिवेशनात डिव्हिजन एक फुटबॉलपुरती दुभंगली. वरचा भाग एक-ए, खालचा एक-डबल ए. आजच्या एफबीएस आणि एफसीएसची ही मूळ नावे. नवी नावे २००६ मध्ये आली. वर बसायचे तर तीस हजार आसनांचे मैदान आणि सरासरी सतरा हजार प्रेक्षक, अशी मापे लावली गेली. पण एक पळवाटही ठेवली गेली : बारा खेळांचे संघ चालवणाऱ्या कॉलेजलाही वर राहता येईल. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ जुन्या विद्यापीठांची आयव्ही लीग शिष्यवृत्ती देत नव्हती आणि तिच्या सगळ्यांची मैदाने भरत नव्हती. ही वाट तिच्यामुळे खुली राहिली, म्हणून तिला आयव्ही दुरुस्तीच म्हणत. परिणाम असा झाला की वरच्या पंगतीतून उठायला फारसे कुणी तयार झाले नाही.

खाली जी मंडळी गेली, त्यांच्या पहिल्या वर्षाची आठवण ठेवायला हवी. १९७८ चे एक-डबल ए अजिंक्यपद फ्लोरिडा ए अँड एमने जिंकले. हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या ऐतिहासिक विद्यापीठांपैकी एक. टेक्सासच्या विचिटा फॉल्स गावी त्यांनी मॅसॅच्युसेट्सला ३५-२८ असे हरवले. पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या संघांनी ज्यांच्याशी खेळायचेही टाळले, त्या कॉलेजांपैकी एकाने राष्ट्रीय चषक उचलला. त्यानंतर अशा दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाला तो मान मिळालेला नाही.

१९८१ मध्ये गाठ आवळली. एनसीएएने एबीसी आणि सीबीएस या वाहिन्यांशी चार वर्षांचे मिळून २६ कोटी ३५ लाख डॉलरचे करार केले. कोणत्याही संघाला दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर येता येणार नव्हते, मग तो कितीही लोकप्रिय असो. बंडखोर मंडळींनी एनबीसीशी स्वतंत्र बोलणी पक्की केली. संघटनेने धमकावले की शिक्षा होईल आणि ती तुमच्या इतर खेळांनाही भोगावी लागेल. सप्टेंबरात ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी कोर्टाची पायरी चढली.

घर सोडून जायला निघालेल्यांना थांबवायचे, तर त्यांना हवे ते द्यावे लागते. डिसेंबर १९८१ मध्ये सेंट लुइसला खास अधिवेशन घेऊन संघटनेने बारा खेळांची पळवाट बुजवली. १९८२ च्या मोसमात आयव्ही लीगची आठही विद्यापीठे खालच्या भागात गेली. या खेळाला ज्यांनी नियम दिले, मैदानाची मापे दिली, पहिले प्रशिक्षक दिले, ती येल आणि प्रिन्स्टन आता पहिल्या पंगतीत नव्हती. त्यांच्याबरोबर सदर्न कॉन्फरन्सही गेली, आणि तिच्यात होती सिटाडेल आणि अ‍ॅपलाचियन स्टेट. त्या सप्टेंबरात ज्या चार कॉलेजांना सारखे पैसे मिळाले होते, त्यांतली दोन वर्षभरात उठवली गेली होती.

एवढे देऊनही खटला थांबला नाही. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल दिला : एनसीएएचा टीव्हीवरचा ताबा हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिले. विरोधी मत नोंदवले ते बायरन व्हाइट यांनी. ते स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले खेळाडू. हा निव्वळ धंदा नाही, शिक्षणाचा तोल सांभाळायला काही बंधने लागतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कायद्याने स्टीव्हन्स बरोबर असतील. पुढची चाळीस वर्षे पाहता व्हाइट यांना वाटलेली भीती खरी ठरली, असे माझे मत आहे.

कारण आता टीव्हीचा पैसा कॉन्फरन्सच्या हाती गेला. जिच्या सामन्यांना गिऱ्हाईक मोठे ती कॉन्फरन्स श्रीमंत, आणि श्रीमंत कॉन्फरन्स दुसरीची कॉलेजे ओढून नेऊ लागली. १९९२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सने बारा संघांचे पूर्व-पश्चिम असे दोन गट करून त्यांच्या विजेत्यांत अंतिम सामना भरवला. तशी परवानगी देणारा नियम मुळात डिव्हिजन दोनच्या पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉन्फरन्सच्या सोयीसाठी झाला होता. गरिबाच्या गरजेचा नियम श्रीमंतांच्या कमाईला लागला. १९९६ मध्ये टेक्सासची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स संपली. १९९७ मध्ये डिव्हिजन एकमधून ‘एक कॉलेज, एक मत’ हे तत्त्वच गेले. २०१४ मध्ये पाच बड्या कॉन्फरन्सना स्वतःचे काही नियम स्वतः करायची स्वायत्तता मिळाली. १९७३, १९७८, १९९७, २०१४ : प्रत्येक वेळी मागणी तीच, आम्हाला वेगळे बसू द्या. २०२४ मध्ये तर शंभरावर वर्षांची पॅसिफिक किनाऱ्याची कॉन्फरन्स दोन संघांवर आली आणि लॉस एंजेलिसची विद्यापीठे बिग टेनमध्ये जाऊन बसली. नावात दहा असलेल्या बिग टेनमध्ये आता अठरा संघ आहेत. तिथले विद्यार्थी आता मोसमात दोन-तीन हजार मैलांचा प्रवास करून सामने खेळतात. हचिन्स यांनी विचारलेला प्रश्न त्यांच्यासाठी कुणी विचारत नाही, याचे मला वाईट वाटते.

तरीही मैदान अधूनमधून आपले म्हणणे मांडते. १ सप्टेंबर २००७ रोजी अ‍ॅपलाचियन स्टेटचा संघ मिशिगनच्या अ‍ॅन आर्बर गावी गेला. अशा सामन्यांची रीत ठरलेली असते : मोठे विद्यापीठ छोट्याला ठरावीक रक्कम देते, छोटे येऊन हरून जाते, आणि त्या पैशावर त्याचे वर्षभराचे इतर खेळ चालतात. अ‍ॅपलाचियनला ४ लाख डॉलर मिळणार होते. मिशिगन देशात पाचवे. मैदानावर एक लाखाहून अधिक लोक. अखेरच्या क्षणी मिशिगनने गोलसाठी मारलेला चेंडू कोरी लिंचने अडवला आणि खालच्या भागातला संघ ३४-३२ असा जिंकला. त्या साली असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत खालच्या भागातल्या संघाला मत देण्याची सोयच नव्हती. त्या सामन्यानंतर नियम बदलावा लागला.

पण त्या विजयाने अ‍ॅपलाचियन स्टेट वर गेले नाही. लागोपाठ तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकूनही गेले नाही. ते वर गेले २०१४ मध्ये, एफबीएसच्या अटींप्रमाणे शिष्यवृत्त्यांचा खर्च उचलून आणि सन बेल्ट कॉन्फरन्सचे आमंत्रण घेऊन. त्या काळी एफबीएसमध्ये संघामागे ८५ शिष्यवृत्त्या देता येत, एफसीएसमध्ये ६३, डिव्हिजन दोनमध्ये ३६. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांच्या घामाचे मोल मिळाले हे योग्यच झाले. ते फार आधी मिळायला हवे होते. पण जी विद्यापीठे एवढे देऊ शकतात आणि जी देऊ शकत नाहीत, त्यांच्यातली दरी त्याने आणखी रुंदावणार आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एनसीएएने एफबीएसमध्ये येण्याचे नियम पुन्हा बदलले. मैदानावर सरासरी पंधरा हजार प्रेक्षक हवेत ही अट काढून टाकली. अर्जाचे शुल्क ५ हजार डॉलर होते, ते ५० लाख डॉलर केले. किती सामने जिंकलेले हवेत, याची अट १९७८ मध्ये नव्हती आणि आजही नाही.